जाताना पावणेदोन, येताना सव्वाचार

आमच्या घरी आलेल्या माणसाला पाणी मिळायच्या आधी एक प्रश्न मिळायचा. "कुठली गाडी पकडली?" बाबा पडवीत खुर्ची टाकून बसलेले असायचे आणि पाहुण्याच्या पायातली चप्पल निघायच्या आत त्यांचा पुढचा प्रश्न तयार असायचा, किती वाजता सुटली, किती वाजता पोचली. नव्या माणसाला वाटायचं, चौकशी आपुलकीची आहे. ती तशी नव्हती. बाबा कसाऱ्याला रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंटमन होते, आणि कल्याणपासून वर घाटापर्यंतच्या प्रत्येक गाडीची सुटायची, थांबायची आणि लेट व्हायची वेळ त्यांना तोंडपाठ होती. पाहुणा बोलायचा आणि बाबा मनातल्या मनात त्याचं वेळापत्रक ताडून बघायचे. जुळलं तर आत हाक जायची, "चहा टाक गो." नाही जुळलं तर त्या माणसाला चहा मिळायचाच, पण त्यानं पुढं सांगितलेली एकही गोष्ट आमच्या घरात कुणी खरी मानायचं नाही. "मानूस खोटं बोलंल," बाबा म्हणायचे, "पन टायमाचं खोटं पचत नाय."

आईचा स्वभाव संशयात बाबांच्याही वरताण होता, फक्त तिच्यापाशी वेळापत्रक नव्हतं. दुधात बोट बुडवून बघणं, वाण्याच्या ताजव्याखाली वाकून बघणं, शेजारची कोंबडी आपल्या अंगणात अंडं घालून गेली तर ते तिनं मुद्दाम घातलं की काय, असा विचार करणं, हे तिचं रोजचं काम. आमचं घर आसनगाव स्टेशनपासून शहापूरच्या अंगाला, चालत अर्ध्या तासावर. गाड्यांचा आवाज घरात स्पष्ट यायचा आणि आई स्वयंपाकसुद्धा गाड्यांवर करायची. सकाळची मेल धडधडत गेली की भाकरीचं पीठ मळायला घ्यायचं, मालगाडी गेली की भात उतरवायचा. एखाद्या दिवशी मालगाडी उशिरा आली तर भात करपायचा, आणि करपलेल्या भाताचा दोष बाबांना बसायचा. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि असा अधूनमधून करपलेला भात खात आम्ही दोघी बहिणी वाढलो. थोरली वनिता, म्हणजे ताई, आणि मी रेखा.

बाबांच्या या कसोटीला गावात मान होता आणि तो उगीच नव्हता. एका पाड्यावरचा पोरगा कुवेतला गेला म्हणून त्याच्या घरच्यांनी साखर वाटली होती. वर्षभरानं तो सुट्टीवर आला आणि भेटायला आमच्या पडवीत बसला. बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. त्यानं एका मेलचं नाव घेतलं आणि त्या गाडीनं थेट आसनगावला उतरलो, असं सांगितलं. ती मेल आसनगावला कधीच थांबत नव्हती. बाबा नुसते बघत राहिले, आणि पाच मिनिटांत पोरगा रडायला लागला. एजंटनं त्याला फसवलं होतं, आणि लाजेपोटी तो वर्षभर भिवंडीत मागावर राबत होता. त्याची आई बाबांच्या पाया पडली. तेव्हापासून आमच्या भागात परदेशातला म्हणून कोणी स्थळ घेऊन आलं की लोक म्हणायचे, आधी पॉइंटमनकडं नेऊन बसवा. हे सगळं मी एवढ्यासाठी सांगते आहे, की पुढं जे झालं ते दुष्टपणानं झालं असं कुणाला वाटू नये. ते आम्ही फार काळजी घेऊन केलं.

ताईचं स्थळ दामूमामानं आणलं. दामूमामा आईचा चुलतभाऊ. पायाला भिंगरी असलेला माणूस, शहापूर आणि मुरबाड दोन्ही तालुक्यांतल्या लग्नाळू पोरांची त्याला खडान्खडा माहिती. मुलगा टोकावड्याचा, मधुकर, आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन, दुबईला तीन वर्षं नोकरीत, घरी फक्त आई आणि थोडी भातशेती. आंब्याच्या दिवसांत तो सुट्टीवर आला होता तेव्हा बघायला आला. सडपातळ, सावळा, बोलताना समोरच्याकडं नीट बघणारा. बाबांनी पाणी यायच्या आधी विचारलं. त्यानं सगळं सांगितलं: टोकावड्याहून कुठली एसटी, सरळगावात किती वेळ थांबावं लागलं, किन्हवलीला टायर बदलला, शहापूरला किती वाजता उतरला. सगळं जुळत होतं. बाबा खुलले. मग म्हणाले, "आनि दुबईवरनं?"

"सकाळी दहाला विमान सुटलं मामा, सव्वादोनला मुंबईत उतरलो."

बाबांनी खिशातली छोटी वही काढली आणि लिहून घेतलं. सव्वाचार तास. त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं, आमच्यापैकी कोणी विमान आभाळातल्या ठिपक्यापेक्षा मोठं बघितलेलं नव्हतं. मधुकरनं आणलेला खजूर आईनं हुंगला आणि असला खजूर कल्याणच्या बाजारातही मिळतो, असं आत येऊन माझ्या कानात सांगितलं. ताई आणि तो परसात शेवग्याखाली थोडा वेळ बोलले. काय बोलले ते मला माहीत नाही, पण ताई हसल्याचा आवाज आला, आणि ताई अनोळखी माणसापुढं हसते हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. ती घरी शिलाईमशीन चालवायची, दिवसभर खाली मान, बोलणं मोजकं. तो गेल्यावर तिनं मशीनवर बसून एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उलट्या लावल्या आणि उसवताना पुन्हा हसली. आठ दिवसांत सुपारी फुटली, साखरपुड्याची साडी ताईच्या अंगावर आली. मोरपिशी रंगाची होती. लग्न पुढच्या वैशाखात, तो पुन्हा सुट्टीवर येईल तेव्हा, असं ठरलं आणि मधुकर परत गेला.

पोचल्याचं पत्र बाबांच्या नावानं आलं. होणाऱ्या बायकोला थेट पत्र लिहिण्याची आमच्यात तेव्हा पद्धत नव्हती. पत्र बाबांनी पडवीत दामूमामासकट सगळ्यांसमोर वाचलं. सर्वांना नमस्कार, तब्येत ठीक, इकडं उन्हाळा फार आहे. आणि बाबांचा स्वभाव ओळखून त्या भल्या माणसानं आपणहून लिहिलं होतं: 'विमान सकाळी दहाला सुटले, पावणेबाराला पोहोचलो.' बाबा थांबले. वही काढली, मागचं पान काढलं. पत्र पुन्हा वाचलं. मग त्यांनी पाकिटावरचा शिक्का उजेडात धरून बघितला. पत्र यायला नऊ दिवस लागले होते.

"येताना सव्वाचार तास," ते म्हणाले, "जाताना पावणेदोन. रस्ता तोच ना?"

आई म्हणाली, "जाताना जोरात गेलं असंल."

"अडीच तासांचा फरक पडंल इतकं?" बाबा म्हणाले. मग त्यांनी रेल्वेतल्या माणसाला पटेल असं कारण शोधून बघितलं. कसाऱ्याहून घाट चढताना गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, उतरताना ब्रेक सांभाळत यावं लागतं, त्यामुळं घाटात जाण्याचा आणि येण्याचा टाइम सारखा नसतो, हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. "घाट असता तर मी मान्य केलं असतं," ते म्हणाले. "पन आभाळात कुठला घाट?"

इथं मी पुढं झाले. मी तेव्हा शहापूरला अकरावीत होते, गणितात हुशार अशी माझी ख्याती होती, आणि ती ख्याती मला नको तितकी आवडायची. मी शाळेचा नकाशासंग्रह आणला. मुंबईपासून दुबईपर्यंत ताईच्या मशीनचा दोरा ताणला. पावणेपाच सेंटिमीटर भरला. प्रमाणाप्रमाणं एकोणीसशे किलोमीटर. जाताना ताशी जवळजवळ अकराशे, येताना साडेचारशेसुद्धा नाही. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात प्रवासी विमानाचा वेग आठशे ते नऊशे दिला होता. मी उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वर शहाणपणा केला, "जाताना बंदुकीची गोळी आणि येताना बैलगाडी." बाबा हसले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि दामूमामाला म्हणाले, "हिला बघ. दोन्ही बाजूंनी खोटा पाडला." बाबांची थाप आमच्या घरात सहसा कुणाला मिळायची नाही. ताई मशीनवरच होती. तिनं दोरा परत रिळावर गुंडाळला.

आज शाळेतल्या पोरांना मी हेच गणित घालते तेव्हा एखादं पोरगं झटकन म्हणतं, बाई, दोन्ही वेळा मिळवून निम्म्या करा ना. पावणेदोन आणि सव्वाचार मिळून सहा, निम्मे तीन. तीन तास, खरं उत्तर. ते त्या दिवशीही माझ्यासमोर कागदावर होतं. पण मी उत्तर शोधत नव्हते, मी चोर शोधत होते, आणि चोर शोधणाऱ्याला बेरीज सुचत नाही.

एकदा संशयाचं बी पडल्यावर त्याला पाणी घालायला सगळे आले. मधुकर वाळवंटात राहूनही म्हणावा तितका काळा कसा झाला नाही, असं आईला वाटलं. पोस्टाची परदेशी तिकिटं मुंबईत फोर्टात पैशाला पासरी मिळतात, असं कुणीतरी सांगितलं. "मानूस पावनेदोन तासांत पोचतो आनि पत्राला नऊ दिवस?" हे बाबांनी स्टेशनवर चार जणांना विचारलं आणि चारही जणांनी माना हलवल्या. कुवेतच्या पोराची गोष्ट पुन्हा नव्यानं सांगितली जाऊ लागली. दामूमामा बिचारा म्हणत राहिला, "दाजी, त्यालाच पत्र टाकून इचारा ना." बाबा म्हणाले, "चोराला इचारायचं का, चोरी केली का म्हनून?" गणपती गेल्यावर ते, आई आणि मी टोकावड्याला निघालो. मला नेलं ते हिशेबासाठी. मी नवा ड्रेस घातला होता.

टोकावड्याला मधुकरचं घर रस्त्यापासून आत, भाताच्या खाचरांच्या कडेला होतं. त्याची आई एकटीच. ठेंगणी, तरतरीत बाई. आम्ही न कळवता गेलो होतो, कारण न कळवता गेल्याशिवाय खरं दिसत नाही, असं बाबांचं मत. तिनं मला जवळ ओढून बसवलं. "बस गो पोरी, उन्हाची आलीस." घटकेत तिनं वालाचं बिरडं आणि गरम भाकऱ्या वाढल्या. मी इतकं चवीचं बिरडं त्याआधी खाल्लं नव्हतं, आणि खाताना माझे डोळे मात्र घरभर फिरत होते. भिंतीवर दोन घड्याळं होती. एक जुनं किल्लीचं, आमच्या घड्याळाशी जुळणारं. दुसरं नवं, सोनेरी काठाचं, देवाच्या फळीशेजारी. ते दीड तास मागं होतं. मी बाबांकडं बघितलं. त्यांनी आधीच बघितलं होतं आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून झालं होतं.

"विहीणबाई," ते त्या बाईला म्हणाले, "ह्ये घड्याळ मागं पडलंय. आना, लावून देतो."

"नको नको," ती घाईनं उठली. "त्याला हात लावू नका. ते माझ्या मधूचं हाय. तो लावून गेलाय तसंच चालू दे."

"दीड तास मागं?"

"असू दे. मला तसंच पायजे," ती म्हणाली, आणि थोडी लाजली. तिच्या लाजण्यात किती माया होती ते आज कळतं. लेक आता जेवत असेल, आता कामावरून आला असेल, हे ती भाबडी बाई त्या घड्याळात बघत होती, आणि हे व्याह्यापुढं बोलून दाखवायची तिला लाज वाटत होती. आम्हाला तिथं लपवाछपवी दिसली. परतीच्या एसटीत बाबांनी सरळगावपर्यंत वहीतल्या दोन्ही वेळा पुन्हा ताडून बघितल्या. मग म्हणाले, "ज्या घरात चुकलेलं घड्याळ दुरुस्त करू देत नाय, त्या घरात पोरगी कशी द्यायची?" आयुष्यभर घड्याळावर चाकरी केलेल्या माणसाचं ते बोलणं होतं आणि आईनं लगेच मान डोलावली. मी पण डोलावली.

पुढच्या रविवारी दामूमामानं येऊन साडी आणि नारळ टोकावड्याला परत नेऊन द्यायचे, असं ठरलं. ताईला कुणी विचारलं नाही. तिनंही विचारलं नाही. ती जेवत होती, मशीन चालवत होती, फक्त मशीनचा आवाज मधेच थांबायचा आणि बराच वेळ सुरू व्हायचा नाही.

मधे शुक्रवार आला. शेजारच्या घरी रेडिओवर शारजाहून क्रिकेटचा सामना चालू होता. आमचा सकाळचा भात उतरून झाला होता, ऊन चांगलं वर आलं होतं, आणि समालोचक सांगत होता की इथं अजून सकाळचं कोवळं ऊन आहे, आणि मग काहीतरी म्हणाला, त्यातले दोनच शब्द मला ऐकू आले. स्थानिक वेळ. मी धुणं वाळत घालत होते. हातातलं लुगडं तसंच राहिलं. हे दोन शब्द मी नववीत भूगोलाच्या वहीत कितीदा लिहिले होते! दर रेखांशाला चार मिनिटं. ग्रिनिचला दुपारचे बारा वाजले असता अमुक गावी किती वाजले असतील? त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते. पण ते गणित पुस्तकातलं होतं. ते टोकावड्याच्या माणसाला लागू पडतं, असं मला कुणी सांगितलं नव्हतं आणि माझं मलाही सुचलं नव्हतं.

मी आत गेले, जुनी वही काढली, नकाशा उघडला. भारताची वेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, दुबई पंचावन्नच्या आसपास. वजाबाकी केली, चारानं गुणलं. एक तास पन्नास मिनिटं. म्हणजे आपल्याकडं दहा वाजतात तेव्हा तिथं जेमतेम आठ वाजून गेलेले असतात. म्हणजे मधुकर जिथली वेळ तिथल्या घड्याळानं बोलला होता, खरंच बोलला होता, दोन्ही वेळा. आणि मग, हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, मी पुन्हा त्या उत्तराकडं बघितलं आणि मला त्यात एक फट सापडली. एक तास पन्नास. टोकावड्याचं घड्याळ दीड तास मागं होतं. वीस मिनिटं जुळत नव्हती. देश आपली घड्याळं सोयीच्या रेघेवर लावतात, अगदी गावाच्या रेखांशावर नाही, हे मला पुढं शिकवायला लागल्यावर कळलं. पण तेव्हा त्या वीस मिनिटांमागं मी जाऊन लपले. मला वाटलं, नक्की नाही ना, मग कसं सांगायचं? खरं कारण तेही नव्हतं. बाबांनी चार लोकांत मारलेली ती थाप परत द्यायची माझी तयारी नव्हती.

मी वही मिटली आणि फळीवर इतर वह्यांच्या खाली सरकवून ठेवली. शनिवारी दुपारी ताई माझ्या केसांना तेल लावत होती. तिची बोटं मधेच थांबली. "रेखा, तुला काय सांगायचंय का?" ती म्हणाली. माझी तिच्याकडं पाठ होती. मी म्हटलं, "काय नाय." मग तिनं वेणी घातली, नेहमीपेक्षा सैल. रविवारी तिनं मोरपिशी साडी स्वतः घडी करून, नारळावर हळद-कुंकू लावून मामाच्या पिशवीत ठेवली. मामाला तिनं पाणी दिलं, आणि मामा पाणी न पिताच निघाला.

मधुकरचं नंतर एक पत्र आलं, ते बाबांनी न फोडता परत पाठवलं. दोन वर्षांनी ताईचं लग्न झालं. भावोजी कल्याणला कारखान्यात वायरमन, आसनगावलाच खोली घेतलेली. शांत, सालस माणूस. ताईचा संसार चांगला झाला, हे मी मुद्दाम सांगते, कारण ते खरं आहे. आणि मुरबाडला एसटी स्टँडच्या पुढं मधुकरचं इलेक्ट्रिकचं दुकान झालं, तेही खरं आहे. दुकानावरून बस गेली की मी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायची. मी डी.एड. केलं, मास्तरीण झाले, दर वर्षी रेखांश शिकवले. मुलं म्हणायची, बाई हा धडा फार घाईनं संपवतात.

मग भावोजींचा कारखाना बंद पडला. दोन वर्षं इकडंतिकडं काम करून शेवटी त्यांना एका ओळखीनं दुबईला नोकरी लागली. ते गेले त्या दिवशी आम्ही सगळे ताईच्या खोलीवर होतो. आई वारली होती तोवर. बाबा निवृत्त होऊन थकले होते, पण पाहुण्याला विचारायचा प्रश्न सुटला नव्हता. दुपारी फोन वाजला. ताईनं बोलून झाल्यावर रिसीव्हर बाबांच्या हातात दिला, आणि बाबांनी सवयीनं, कानाला लावता लावताच विचारलं, "जावईबापू, किती वाजता सुटलं, किती वाजता पोचलं?"

भावोजींचा आवाज फोनमधून खोलीभर ऐकू येत होता. "पहाटे सव्वाचारला सुटलं मामा, सहाला पोचलो."

बाबा बोटांवर मोजायला लागले. अंगठा तिसऱ्या पेरावर गेला आणि थांबला. फोनमधून भावोजी "हॅलो, हॅलो" करत राहिले. ताईनं रिसीव्हर हळूच काढून घेतला, दोन शब्द बोलून ठेवला. या जावयावर तर संशय घ्यायची सोय नव्हती. त्याला आम्हीच विमानतळावर सोडून आलो होतो.

"पावनेदोन," बाबा म्हणाले. मग माझ्याकडं वळून, लहान पोरासारखं, "रेखा, ह्ये कसं गो?"

मी सांगितलं. सूर्य, रेखांश, तिथलं घड्याळ दीड तास मागं. दोन मिनिटं लागली असतील. बाबांना चटकन कळलं, माणूस हुशारच होता. त्यांनी विचारलं, "मग घड्याळाचं सोडलं तर जातायेता सारखाच टाइम ना?" मी म्हटलं, "नाही बाबा, जाताना तरी थोडा जास्त लागतो. वारा समोरून येतो."

"म्हंजे घाट हाय," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण ताईकडं बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं. मग त्यांनी मला आयुष्यातला शेवटचा वेळेचा प्रश्न विचारला. "तुला ह्ये कवापास्नं ठाव हाय?"

ताई तेव्हा चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

"डी.एड.ला शिकवलं," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. चहा न घेताच ते उठले, काठी घेतली आणि घरी चालू लागले. मी ताईच्या मागे स्वयंपाकघरात गेले. तिनं नळ सोडला, कप विसळले, पालथे घातले. मग माझ्याकडं न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "डी.एड.ला नाय गो. त्या शुक्रवारी. वह्यांची फळी पुसत होते मी. वहीतलं पान वाचलं."

मी म्हटलं, "मग तू का नाही सांगितलंस बाबांना?"

"मी सांगितलं असतं तर पोरगी नवऱ्यासाठी येडी झालीय, म्हनले असते. तुझं ऐकत होते सगळे." तिनं हात पदराला पुसले. "म्हनून मी तुला इचारलं. तेल लावताना."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी पाया तरी पडले असते. तिनं कपाटावरून एक नवं घड्याळ काढलं, सकाळीच बाजारातून आणलेलं, अजून खोक्यात होतं. देवाच्या फळीशेजारी खिळा आधीच ठोकलेला होता. सेल घालून तिनं ते माझ्या हातात दिलं.

"दीड तास मागं लावून दे," ती म्हणाली. "तुला हिशेब येतो."